बुजवलेलं भोक

फुटलेली वस्तू घेऊन माणसं माझ्याकडे येतात तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य हमखास खोटं असतं. मांजराने पाडलं. वाऱ्याने खिडकी आपटली. सामान हलवणाऱ्यांनी फोडलं. ज्या घरात कधी मांजर नव्हतं, तिथूनसुद्धा मांजराने फोडलेल्या किटल्या माझ्याकडे आल्या आहेत. मी वाद घालत नाही. तुकडे टेबलावर मांडले की तेच सांगतात: हातातून निसटलं, भिंतीवर फेकलं, की थंड भांड्यात उकळतं पाणी ओतलं.

माझं काम चिनी मातीची आणि साध्या मातीची भांडी दुरुस्त करायचं. पुण्यात चित्रकला शिकले, लग्न होऊन मेलबर्नला आले, इथे एका म्हाताऱ्या इंग्रज बाईंच्या हाताखाली उमेदवारी केली आणि मग पॉइंट कुक या उपनगरातल्या घराच्या गराजमध्ये वर्कशॉप थाटलं. तेव्हापासून आमची गाडी उन्हात आणि लोकांची फुटकी भांडी सावलीत. नवरा हे वाक्य पाहुण्यांना अजून ऐकवतो. गेल्या वर्षी उजवा हात थरथरायला लागला, तेव्हा मी थांबले.

काम ऐकायला सोपं आहे. धुवायचं, कोणीतरी घरी लावलेला डिंक खरवडून काढायचा, तुकडे जुळवायचे, चिकटवायचे. तुकडा हरवला असेल तिथे भर घालायची आणि त्या भरीवर असा रंग द्यायचा की मालकालाही जागा सापडू नये. बाईंनी मला दोन नियम शिकवले. पहिला, आपण केलेलं प्रत्येक काम पुढच्या माणसाला उलटं करता आलं पाहिजे. म्हणून भांड्याच्या कडेला आधी राळेचा एक पातळ थर द्यायचा. नेलपॉलिश काढायला वापरतात त्या ॲसिटोनने तो थर विरघळतो आणि भर अलगद सुटते. दुसरा नियम, काम सुरू करण्याआधी भांड्याला विचारायचं. हा दुसरा मला फार भाबडा वाटायचा. मी मान डोलवायचे आणि कामाला लागायचे.

गिऱ्हाइकं एकेक नग. एकजण आईच्या लोणच्याची बरणी घेऊन आला. बोटीने आलेल्या सामानात तिचे सात तुकडे झाले होते. म्हणाला, "जोडा, पण वास जाऊ देऊ नका." न धुता जोडायचं म्हणजे माझ्या धंद्यात पाप. पण मी ते केलं, आणि आमच्या गराजला दोन महिने मोहरीचा वास येत होता. दुसरी एक मुलगी डँडेनॉन्गहून धापा टाकत आली. सासूबाईंनी दिलेल्या सेटमधली मोठी बशी फुटली होती आणि सासूबाई सोमवारी ठाण्याहून लँड होणार होत्या. वाऱ्याने पडली म्हणे. मी तुकडे मांडले तर त्यात एक जुना सांधा निघाला, कोणीतरी तीसेक वर्षांपूर्वी जोडलेला. बशी दुसऱ्यांदा भिंतीवर आदळली होती. मी मुलीला काही बोलले नाही, पण सासूबाईंना भेटायची मला फार उत्सुकता होती.

असे किस्से पुष्कळ आहेत आणि दिवाळी अंकात शोभतील असेच आहेत. पण मला लिहायचंय ते एका वाडग्याबद्दल. ते एकच काम असं, जे मी उत्तम केलं आणि करायला नको होतं.

माधवकाका माझ्या मावसबहिणीच्या सासरकडचे. पश्चिम ऑस्ट्रेलियात कालगुर्लीला सोन्याच्या खाणीत इंजिनिअर होते, निवृत्त झाल्यावरही तिथेच राहिले. नलूकाकू गेल्या त्याला दोन महिने झाले असतील, तेव्हा त्यांचा फोन आला.

"वसुधा, माझ्याकडे एक मातीचा वाडगा आहे. बुडाला भोक आहे. बुजवून दे."

"सामान हलवताना फुटला का?"

"हो, तसंच काहीतरी."

"पाणी ठेवायचंय का त्यात?"

"नाही. नलूच्या अस्थी ठेवायच्यात. बारीक राख आहे, गळता कामा नये."

मी म्हटलं, "काका, अस्थी घरात ठेवत नाहीत."

"ते मला माहीत आहे. तू भोक बुजव."

त्यांचा आवाज ऐकून मी हो म्हटलं. त्यांची मुलगी मृणाल पर्थला असते. ती कामासाठी मेलबर्नला आली तेव्हा वाडगा मांडीवर ठेवून घेऊन आली.

मी तो टॉवेलमधून बाहेर काढला आणि बघतच राहिले. अर्धगोल, पातळ, ओंजळीपेक्षा थोडा मोठा. आतून पांढरा आणि त्यावर काळ्या रंगात एक पक्षी, लांब मानेचा. त्याच्याभोवती बारीक समांतर रेषा, हाताने काढलेल्या, आणि एकाही रेषेत कंप नाही. पक्ष्याच्या पोटाच्या जागी दोन बोटं जातील एवढं भोक. काका तरुणपणी अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये तांब्याच्या खाणीवर नोकरीला होते. तिथे कोणा कामगाराने जमिनीतून उकरून काढलेला हा वाडगा त्यांना दिला होता. तो सगळा मुलूख प्वेब्लो लोकांचा. मातीची घरं एकाला एक लागून बांधलेली त्यांची गावं असतात, आणि त्यांच्या बायका शेकडो वर्षं चाकाशिवाय, नुसत्या हाताने भांडी घडवत आल्या आहेत. एवढंच मला माहीत होतं. माझा हात बसला होता तो इंग्लंड-चीनच्या कपबशांवर.

तरी वाडग्याने मला सांगितलं होतं. भोकाच्या कडेची माती जुनी, काळवंडलेली होती, म्हणजे ते काकांच्या सामानात फुटलं नव्हतं. टवके एकाच बाजूने उडाले होते, म्हणजे तो पडलाही नव्हता. कोणीतरी मधोमध नेमका घाव घातला होता. बाकी वाडग्याला साधा तडा नव्हता. हे सगळं मी पाहिलं, आणि मग राळेची बाटली उघडली. मला तो पक्षी पुरा करायचा होता.

माझी भर एका दिवसात कडक होते. ही झाली नाही. तीन दिवस बोट लावलं की चिकट लागायची, आणि सकाळी आतल्या बाजूने तिच्यावर घामासारखे थेंब असायचे. मी हीटर लावला, नवा डबा आणून पुन्हा भर घातली. चौथ्या दिवशी ती कडक झाली. मग पक्ष्याचं पोट रंगवलं, त्याच्यावरच्या रेषा जुळवल्या.

भरीत टाचणीच्या टोकाएवढं छिद्र राहिलं तरी त्यातून उजेड येतो. ते तपासायची आमची पद्धत म्हणजे भांडं उजेडाच्या बाजूला धरायचं आणि आत तोंड घालून बघायचं. मी गराजचं दार उघडं टाकलं, भर दुपारी खुर्चीत मान मागे टाकून बसले आणि वाडगा तोंडावर उपडा धरला. आत मिट्ट काळोख. एकही छिद्र नाही. मी समाधानाने श्वास सोडला आणि तो माझ्या गालांवर परत आला, गरम. मग मी श्वास धरला, कारण का कोण जाणे, मला खात्री करावीशी वाटली. श्वास धरलेला असताना तो आणखी एकदा आला.

तो माझाच श्वास होता, असं मी स्वतःला अजून सांगते.

आणि एक गोष्ट. अखंड भांड्यावर टिचकी मारली की ते वाजतं. जोडलेलं भांडं कधी वाजत नाही, कितीही सफाईने जोडलं तरी बद्द आवाज येतो. आम्ही चोरून केलेली दुरुस्ती अशीच पकडतो. हा वाडगा खणखणीत वाजला. मला ते खटकायला हवं होतं. मला अभिमान वाटला. मी त्याचा फोटो काढून ठेवला आणि वाडगा काकांकडे परत पाठवला.

त्या वर्षी उन्हाळा सुरू होताना शहरात एका ठिकाणी न्यू मेक्सिकोहून आलेल्या प्वेब्लो कुंभार बाई प्रात्यक्षिक देणार होत्या. मी अर्थातच गेले. साठीच्या असतील, हात मी आजवर पाहिलेल्या हातांमध्ये सर्वांत शांत. मातीच्या वळकट्या करून एकावर एक रचत होत्या आणि बोलत होत्या. माती खणायच्या आधी तिची परवानगी घ्यायची. लागेल तेवढीच घ्यायची. रंगाची कुंचली झाडाच्या पानाचं टोक चावून करायची. भांडी भाजायला वाळलेलं शेण जाळायचं. शेणाचं ऐकून मी एकटीच हसले, आणि त्यांनी विचारलं तेव्हा आमच्याकडच्या गोवऱ्यांचं सांगितलं. त्याही हसल्या. आमचं चांगलं जमलं. कार्यक्रम संपल्यावर मी मोठ्या कौतुकाने त्यांना माझ्या वाडग्याचा फोटो दाखवला.

त्यांनी फोन हातात घेतला, पाहिला आणि टेबलावर पालथा घातला.

"भोक कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"मी बुजवलं."

त्यांनी मातीचे हात पुसले. मग म्हणाल्या, "सगळं मी तुला सांगणार नाही, ते बाहेरच्यांसाठी नसतं. पण हा वाडगा कोणाच्या तरी चेहऱ्यावर उपडा ठेवलेला होता. जमिनीत. भोक त्या माणसाच्या वाटेसाठी होतं. त्या भोकासकटच भांडं पूर्ण झालेलं होतं." मग त्यांनी विचारलं, "आता त्यात काय आहे?"

मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. जाताना एका कागदावर त्यांच्या गावातल्या, अशा बाहेर गेलेल्या वस्तू परत घेणाऱ्या बाईंचा पत्ता लिहून दिला.

फ्रीवेवर गाडी चालवताना मला माझ्या वडिलांचा अंत्यविधी आठवला. भाऊ खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन चितेभोवती फिरला होता. प्रत्येक फेरीला मागून कोणीतरी दगडाने मडक्याला भोक पाडत होतं आणि शेवटी त्याने ते मागे न बघता टाकून फोडलं. मी बायकांबरोबर लांब उभी राहून ते पाहिलं होतं. जगात कोणाला हे भोक कळायला हवं होतं तर ते मला. मलाच कळलं नाही, याची लाज मला आजही वाटते.

त्याहून मोठी लाज पुढची आहे. मी काकांना फोन केला नाही. काय सांगणार होते? की मी थडग्यातलं भांडं सजवून तुम्हाला पाठवलं? माझं नाव होतं, लोक लांबून माझ्याकडे वस्तू पाठवत होते. आज करू, उद्या करू म्हणत दीड महिना गेला. मग मृणालचाच फोन आला.

"मावशी, मी बाबांकडे आलेय. यू हॅव टु कम."

"काय झालं?"

"ही इज नॉट ईटिंग. अर्धा झालाय गं. फोनवर म्हणायचा, येऊ नकोस, आईला गडबड चालत नाही. मला वाटलं ग्रीफ आहे. पण तो दिवसभर त्या वाडग्याला कान लावून बसतो. बोलतो तिच्याशी. दोन कप चहा करतो आणि एक वाडग्यासमोर ठेवतो." तिने आवाज खाली आणला. "मावशी, तो कप थोड्या वेळाने अर्धा झालेला असतो."

"काकाच पीत असतील."

"हो. मीही स्वतःला तेच सांगतेय."

तिसऱ्या दिवशी पर्थमार्गे कालगुर्लीला पोचले. बाहेर चाळीसच्या वर ऊन, रस्त्यावर चिटपाखरू नाही. काकांनी दार उघडलं तेव्हा मी त्यांना ओळखलं नाही. शर्ट खुंटीला अडकवावा तसा खांद्यांवर लोंबत होता. पण चेहरा हसरा होता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"ये, ये. हळू बोल हं. आत्ताच पडलीये ती."

डायनिंग टेबलावर वाडगा होता, काठोकाठ राखेने भरलेला. त्या गावात लाल धूळ कुठूनही आत येते. टेबलावर, टीव्हीवर, खुर्च्यांच्या पाठींवर तिचा थर होता. वाडग्याभोवती मात्र वीतभर गोल जागा लख्ख होती.

"इथलं तेवढं पुसता का, काका?"

"नाही गं. तिथे बसतच नाही."

तेवढ्यात खाणीत रोजचा ब्लास्ट झाला. जमीन हादरली, कपाटातल्या कपबशा किणकिणल्या, माझ्या हातातलं पाणी हिंदकळलं. वाडग्यातल्या राखेचा कणही हलला नाही. मृणालने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली.

मी खुर्ची ओढून काकांसमोर बसले आणि सगळं सांगितलं. ते भोक अपघाताचं नव्हतं, ते मला दिसलं होतं आणि तरी मी बुजवलं. कुंभार बाई काय म्हणाल्या ते सांगितलं. कळूनही दीड महिना गप्प बसले, हेही सांगितलं. मग विचारलं, "काकूंच्या वेळी मडकं फोडलंत का?"

"क्रिमेटोरियमवाल्याने नको म्हटलं. फरशी ओली झाली तर कोणीतरी घसरेल. सेफ्टी." काका वाडग्याकडे बघत होते. "मी म्हटलं, नो वरीज."

"काका, मला ते उघडू द्या."

"नाही."

"बाबा, प्लीज," मृणाल म्हणाली. "यू आर डाइंग. तुला दिसत नाहीये का?"

"मग मरेन. ती गेली तर मी इथे काय करू? तू पर्थला, ही मेलबर्नला. आज ती इथे आहे. ती गेल्यावर तुम्ही दोघी येणार आहात का रोज?"

मृणाल रडायला लागली. मग काकांनी अगदी वेगळ्या, इंजिनिअरच्या आवाजात मला विचारलं, "तू म्हणालीस, हा कोणाच्या तरी चेहऱ्यावर होता. म्हणजे आत आधीपासून कोणीतरी होतं?"

"त्या बाईंचं म्हणणं तसंच."

त्यांनी दोन्ही हातांनी वाडगा माझ्याकडे सरकवला. का, ते मला तेव्हा कळलं नाही.

राख आम्ही स्टीलच्या मोठ्या डब्यात काढली. मी वाडगा टॉवेलवर उपडा ठेवला, कापसाचा बोळा ॲसिटोनमध्ये भिजवून भरीच्या कडेला टेकवला. एवढ्या जाड भरीला सुटायला तासभर तरी लागतो, मी तेवढ्या तयारीने बसले होते. दुसरा बोळा उचलायच्या आत भर सुटली आणि टॉवेलवर पडली, अख्खी, मी रंगवलेल्या रेषांसकट. ॲसिटोन अजून कडेच्या आत उतरलंही नसेल. माझ्या मनगटावरून गार काहीतरी गेलं.

"मावशी, कोणी दार उघडलं का?" मृणालने विचारलं.

दारं सगळी बंद होती. काका टेबलाच्या कडेला धरून उभे होते आणि कान देऊन ऐकत होते. मग ते खाली बसले आणि म्हणाले, "काहीतरी खायला कर गं, मृणाल." तिने मुगाची खिचडी टाकली. त्यांनी चार घास खाल्ले आणि तिथेच खुर्चीत झोपले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेबलावरच्या त्या गोल जागेवरून बोट फिरवलं. बोटाला लाल धूळ लागली.

त्याच दिवशी आम्ही एस्पेरन्सला गेलो, समुद्रावर. चार तासांचा रस्ता. काका पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात शिरले आणि डबा रिकामा करून परत आले. मागे वळून पाहू नका, असं मी सांगणार होते, पण त्यांनी पाहिलंच नाही. किनाऱ्यावर लोक पोहत होते, कोणी आमच्याकडे लक्ष दिलं नाही.

परतताना ते मागच्या सीटवर बसले होते. वाडगा त्यांनी येताना बरोबर घेतला होता, मांडीवर, उपडा.

"वसुधा, मला ऐकू यायचं ते वेड नव्हतं," ते म्हणाले. "नलूच बोलायची. पण तुम्हाला वाटतं तसं नाही. ती एकच म्हणायची, मला जाऊ दे. रोज. मी ऐकू न आल्यासारखं करायचो आणि इकडचं तिकडचं बोलत बसायचो."

मी मागे वळले. ते खिडकीबाहेर बघत होते.

"आणि आत ती एकटी नव्हती. आणखी एक बाई होती. तिची भाषा मला कळायची नाही. पण ती नलूच्या कितीतरी आधीपासून तेच मागत असणार, एवढं मला कळायचं. तू काल सांगितलंस तेव्हा लक्षात आलं." त्यांनी वाडग्यावर हात ठेवला. "नलूला पोचवलं. हिला तर तिच्या जमिनीतून उकरून आणलंय, हिला कुठे पोचवायचं?"

मृणालने गाडी बाजूला घेतली. मी पर्समधून तो पत्त्याचा कागद काढून काकांच्या हातात दिला.

पत्रव्यवहाराला पाच महिने लागले. तिकडून आलेल्या पत्रात सूचना स्पष्ट होत्या: फोटो काढू नका, मोजमापं घेऊ नका, धुऊ नका. वाडगा पार्सलने पाठवायला काका तयार नव्हते. मृणालला घेऊन ते स्वतः न्यू मेक्सिकोला गेले. माझ्या फोनमधला फोटो मी पुसून टाकला, आणि ती भर खलबत्त्यात कुटून तिची पूड केली. माझ्या हातचं इतकं चांगलं काम मी दुसरं कधी मोडलेलं नाही.

पोचल्यावर काकांचा फोन आला. आवाज थकलेला होता, पण जेवलेल्या माणसाचा होता. म्हणाले, पत्त्यावरच्या त्या बाई दारात आल्या, वाडगा दोन्ही हातांत घेतला आणि आधी त्याच्याशी बोलल्या, मग आमच्याशी.

"काय बोलल्या त्याच्याशी?"

"मला कसं कळणार?" काका म्हणाले. आणि मग सावकाश, "पण वसुधा, भाषा तीच होती."